बेनिग्न म्हणजे मायाळू

आठवीत आम्हाला इंग्रजी शिकवायला नवीन बाई आल्या. त्या वटार गावच्या. माणिकपूरच्या आमच्या मराठी शाळेत रोज एसटीने यायच्या, आणि वाडीतली चार सोनचाफ्याची फुलं ओल्या रुमालात बांधून आणायच्या. वर्गात शिरल्यावर रुमाल टेबलावर ठेवायचा, खडू घ्यायचा, की लगेच शिकवणं सुरू. इकडची तिकडची एक गोष्ट नाही.

आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. आठवीत पोचलो तरी बहुतेकांना इंग्रजीचा तास म्हणजे मान खाली घालून बसायचा तास वाटायचा. बाईंनी पहिल्याच आठवड्यात वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याच्या उलट अर्थाचा शब्द. प्रत्येकापुढे मराठी अर्थ, एकाच शब्दात.

"एक शब्द पाठ केलात की दोन येतात," त्या म्हणाल्या. "आणि शब्दाच्या सुरुवातीला काय चिकटलंय ते आधी बघायचं. अन, इन, इम, डिस, मिस, मॅल. हे दिसले की समजायचं, अर्थ उलटला नाहीतर बिघडला."

हॅपी, अनहॅपी. पॉसिबल, इम्पॉसिबल. ऑनेस्ट, डिसऑनेस्ट. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण, म्हणून मॅल म्हणजे वाईट. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, निगेटिव्ह म्हणजे वाईट. दर शुक्रवारी तोंडी परीक्षा. ओळीने उभं करायच्या, एकेकाकडे बघून शब्द टाकायच्या आणि डस्टर टेबलावर तीनदा आपटायच्या. तिसऱ्या आवाजाआधी उलट शब्द आला पाहिजे. नाही आला तर त्या मारत नसत. नुसतं "बस" म्हणत. त्या "बस"च्या भीतीने शुक्रवारी सकाळी मी वही उघडी ठेवूनच चहा प्यायचे.

मी मुळातच घाबरट. पण घाबरट मुलं पाठांतर चांगलं करतात. नळाखाली बादली भरताना, धाकट्या बहिणीला शाळेत सोडताना मी तोंडातल्या तोंडात जोड्या म्हणत असे. दिवाळीपर्यंत वर्गात सगळ्यात जास्त शब्द मला येत होते. वहीच्या प्रत्येक पानावर बाईंच्या लाल पेनच्या खुणा होत्या.

घरात तर मी इंग्रजीची पंडितच झाले. वडील मूळचे चिपळूणकडचे, मुंबईत एका कारखान्यात फिटर. सकाळी अंधारात निघायचे, आम्ही जेवून झाल्यावर यायचे. आई सातवी शिकलेली. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, गॅसच्या कार्डावर काय छापलंय, हे आई मला विचारायची. मी वाचायचे, अर्थ सांगायचे. अडलं तर दुकानातून आणलेली छोटी डिक्शनरी बघायचे. मला चुकीचं येत असेल ही शंका आईला कधी आली नाही, आणि मलाही नाही.

डिसेंबरात एकदा आईने मला मोरीशी बोलावलं. बहीण बाहेर खेळत होती. तरीही आईने आवाज खाली आणला.

"छातीत गाठ लागतेय गं," ती म्हणाली. "डाव्या बाजूला. आंघोळीच्या वेळी हाताला लागली."

"दुखतेय?"

"नाही ना. दुखली असती तर बरं झालं असतं. कुणाला बोलायचं नाही हां. बिल्डिंगमध्ये कळलं की चार तोंडं चार गोष्टी बोलतील."

वडिलांना तिने सांगितलं होतं. त्यांनी एक दिवस रजा टाकली आणि तिला स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले सर्जन दर मंगळवारी यायचे. त्यांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं, तपासणीला पाठवलं आणि पुढच्या मंगळवारी रिपोर्ट घेऊन या म्हणाले. वडिलांना पुन्हा रजा मिळणं कठीण होतं. लॅब माझ्या शाळेच्या रस्त्यावरच होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी रिपोर्ट घ्यायचा असं ठरलं.

लॅबमधल्या माणसाने पाकीट माझ्या हातात दिलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी रस्त्यात पाकीट उघडलं नाही. घरापर्यंत ते दप्तरात इंग्रजीच्या वहीत ठेवून आणलं. आई कणीक मळत होती. हात पिठाचेच ठेवून म्हणाली, "फोड. वाच."

वरच्या बाजूला आईचं नाव, वय. मग काही ओळी ज्यातलं मला अक्षरही कळेना. आणि खाली, जाड टायपात, दोन वाक्यं. पहिल्यात होतं, निगेटिव्ह फॉर मॅलिग्नंट सेल्स. दुसऱ्यात, बेनिग्न ब्रेस्ट डिसीज. मी तेव्हा ते बेनिग्न असंच वाचलं.

निगेटिव्ह म्हणजे वाईट. मॅल म्हणजे वाईट. डिसीज म्हणजे रोग, आणि त्याच्याही सुरुवातीला डिस चिकटलेला. मी ते कितीदा वाचलं माहीत नाही.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"काही नाही. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचं."

"एवढंच लिहिलंय? एवढ्या ओळींत?"

"बाकी तुझं नाव वगैरे आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग परत परातीत पाहिलं. कणीक आधीच मऊ झाली होती, तरी ती मळत राहिली.

मी आतल्या खोलीत जाऊन डिक्शनरी काढली. मॅलिग्नंट: घातक, प्राणघातक. मला ते आधीच कळलं होतं, तरी छापलेलं पाहिल्यावर मी ते पान पटकन उलटलं. मग बेनिग्न शोधला. तिथे लिहिलं होतं: दयाळू, मायाळू. रोगाच्या कागदावर मायाळू कशाला लिहिलं असेल? मी बराच वेळ विचार केला आणि मला एकच कारण सुचलं. डॉक्टरांनी आईबद्दल लिहिलं होतं. ही बाई मायाळू होती, असं. गेलेल्या माणसांबद्दलच असं लिहितात.

शनिवारचा उरलेला दिवस मी आईच्या मागे मागे फिरले. ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली तर मीही गेले. ती म्हणाली, "काय शेपटीसारखी लागलीस गं?" पण ओरडली नाही. वडील आले, हातपाय धुतले आणि मला एकीकडे घेऊन विचारलं, "रिपोर्टात काय?"

"मंगळवारी दाखवायला सांगितलंय."

"तुला कळलं नाही का काय ते?"

"कठीण शब्द आहेत," मी म्हणाले. वडिलांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की त्यांना पुढचं ऐकायचंच नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

रविवारी सकाळी आईने मला हाक मारली आणि भात लावायला शिकवायला घेतलं. तोवर मला ती गॅसजवळ फारशी येऊ देत नसे. "तांदळावर बोटाचं एक पेर पाणी," ती म्हणाली. "जुना तांदूळ असला तर थोडं जास्त. लक्षात राहील ना?" मग बहिणीच्या वेण्या मला घालायला लावल्या. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यात रेशनकार्ड, शाळेचे दाखले कुठे आहेत ते दाखवलं. "तुला माहीत असलेलं बरं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिला कळलंय. पण कसं कळलं? मग वाटलं, नाही, योगायोग असेल. मला तिला मिठी मारायची होती आणि तिच्यापासून लांब पळायचंही होतं. भात उतू गेला. त्यावरूनही ती बोलली नाही, आणि तेव्हा मात्र मला तिथे थांबवेना.

वहीच्या शेवटच्या पानावर मी ती दोन वाक्यं उतरवून घेतली. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगितलं आणि स्टेशनवरून वटारची एसटी पकडली. बाईंचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. गावात उतरून विचारलं तर एका आजोबांनी चर्चच्या पुढच्या वाडीचा रस्ता दाखवला.

बाई अंगणात बसून पानवेलीची पानं निवडत होत्या. शेजारी कुणाशी तरी त्यांच्या घरच्या बोलीत हसत बोलत होत्या. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. वर्गातल्या बाई इतक्या मोठ्याने हसतात हे मला नवीन होतं. मला बघून त्या उभ्याच राहिल्या.

"तू? एकटी आलीस? काय झालं?"

मी रस्ताभर ठरवलं होतं की अभ्यासाचं विचारल्यासारखं विचारायचं. "बाई, मॅलिग्नंटचा विरुद्धार्थी शब्द काय?"

"मॅलिग्नंट? हा आठवीला कुठे आला?"

"डिक्शनरीत बघितला."

"त्याचा उलट बिनाइन. बी, ई, एन, आय, जी, एन."

मी म्हणाले, "ते बेनिग्न ना? म्हणजे मायाळू."

बाईंनी हातातली पानं खाली ठेवली. "वही दाखव," त्या म्हणाल्या. मी शेवटचं पान उघडलं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही."

"कुणाचं आहे, बाळा?"

मग मला रडू फुटलं. रडता रडता मी सगळं सांगितलं. गाठ, सुई, लॅब, निगेटिव्ह म्हणजे वाईट. बाईंनी वहीची मागची पानं उलटली. एका पानावर माझ्या अक्षरात तसंच लिहिलं होतं, पॉझिटिव्ह चांगलं, निगेटिव्ह वाईट, आणि त्याच्यापुढे त्यांच्याच पेनची लाल खूण होती. त्या पानावर त्यांची नजर खिळून राहिली.

"मला वाटतं हे उलट आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "निगेटिव्ह म्हणजे ते वाईट काही सापडलं नाही, असं असावं. पण मी डॉक्टर नाही. नुसत्या 'वाटतं'वर मी तुला घरी पाठवणार नाही. चल."

त्यांची जाऊ शेजारच्याच घरात राहायची. मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. संध्याकाळच्या ड्युटीला निघायच्या तयारीत होती, केसांना पिना लावत होती. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, "हे तर चांगलं आहे." मी वही परत घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तिने विचारलं, "पण हे तू उतरवलंयस ना? जसंच्या तसं? मधला एखादा 'नॉट' राहून गेला नसेल ना? नॉन वगैरे?"

मी म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "माहीत नाही."

"मग मूळ कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. अशा गोष्टीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर केवढं होतं!" ती बाईंना म्हणाली, "ही दोन वाक्यं त्या कागदावर अशीच असली, त्यांच्या मागेपुढे काही नसलं, तर काळजीचं नाही. आणि मंगळवारी डॉक्टरांना दाखवायचंच. ते चुकवू नका म्हणावं."

बाईंनी साडी बदलली आणि माझ्याबरोबर एसटीत बसल्या. तो अर्धा-पाऊण तास मला अजून आठवतो. मी डोळे मिटून तो कागद डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होते. निगेटिव्हच्या आधी काही होतं का? एकदा वाटायचं, आहे, एक छोटा शब्द आहे. एकदा वाटायचं, नाही. जितका आठवावा तितका कागद पुसट व्हायला लागला. बाईंनी माझा हात धरला होता, आणि त्यांचा तळहात घामाने ओला झाला होता.

दार आईने उघडलं. माझ्यामागे बाई दिसल्या तशी ती गोंधळली. "काय केलं हिने? नापास झाली का?"

"नाही, नाही. हुशार आहे तुमची मुलगी," बाई म्हणाल्या. "मी जरा आत येऊ?"

वडील बनियनवर होते, ते घाईने शर्ट घालून आले. बहिणीला त्यांनी शेजारी पाठवलं. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला तो रिपोर्ट बघायचाय. हिने मला सांगितलंय. रागावू नका तिला."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, कपाटातल्या साड्यांखालून पाकीट काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी चष्मा लावला. प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचलं. शेवटपर्यंत पोचल्या, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मी बाईंच्या बोटाकडे बघत होते. ते निगेटिव्हपाशी आलं, थांबलं, मागे गेलं, पुढे गेलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

"काय नाहीये?" वडिलांनी विचारलं.

"मधे दुसरा शब्द नाहीये. म्हणजे वाईट काही नाहीये. कॅन्सर नाही असं लिहिलंय यात. साधी गाठ आहे. माझी जाऊ नर्स आहे, तिला विचारून आलेय मी. मंगळवारी डॉक्टर नीट सांगतीलच."

आई जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. "कालपासून हिचं तोंड बघतेय मी," ती बाईंना म्हणाली. "मला म्हणाली काही नाही, आणि तोंड असं केलं. म्हटलं, पोरीला वाचता आलंय, सांगता येत नाहीये. मग मी तरी कशाला विचारू? म्हटलं, हाताशी आहेत ते दिवस आहेत, हिला जरा भात तरी लावायला येऊ दे."

"मला का नाही बोललीस?" वडील म्हणाले. ते कुणाला म्हणाले, आईला की मला, कळलं नाही. ते चप्पल घालून दूध आणायला गेले. दूध घरात होतं.

बाई बराच वेळ बसल्या. निघताना दारात आईला म्हणाल्या, "चूक हिची नाही. मीच तसं शिकवलं होतं." आईला हे आवडलं नाही. "तुम्ही शाळेचं शिकवलंत. तुम्ही काय डॉक्टरचं शिकवायला बसलात का?" ती म्हणाली. पण बाईंच्या चेहऱ्यावरचं ओशाळलेपण गेलं नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी दोन मिनिटांत तेच सांगितलं. गाठ पुढे फेब्रुवारीत काढली. आईला तीन टाके पडले आणि आठवडाभर डावा हात वर उचलायचा नाही असं सांगितलं, ते तिने दुसऱ्याच दिवशी मोडलं.

डॉक्टरांकडे गेलो त्याच आठवड्याच्या शुक्रवारी बाई डस्टर न आपटता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आजपासून नुसता उलट शब्द चालणार नाही, दोन्ही शब्दांचं एकेक वाक्य पाहिजे. वर्ग कुरकुरला. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. पण माझी भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. आधी मला शब्द येत नसेल तर भीती वाटायची. आता येत असलेल्या शब्दांचीही वाटायला लागली. बारावीच्या पेपरात मी वेळ संपेपर्यंत सोपे शब्द तपासत बसले आणि दोन प्रश्न लिहायचे राहून गेले. आजही ऑफिसचं साधं पत्र मी तीनदा वाचून पाठवते.

आईने मात्र वेगळंच मनावर घेतलं. टाके काढल्यावर एका दुपारी माझी वही घेऊन माझ्यापुढे बसली. "मला शिकव. पुढच्या वेळेला मी तुझं तोंड वाचत बसणार नाही."

इंग्रजी अक्षरं तिला सातवीपर्यंतची येत होती. मी तिला जोड्या सांगायला लागले तर म्हणाली, ते नको, वाक्य सांग. तरीही जोड्यांवरून ती अडायचीच. एकदा म्हणाली, "अनहॅपी आहे, मग अनसॅड का नाही?" मला येईना. मी बाईंना विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मलाही माहीत नाही. लोक म्हणत नाहीत, एवढंच खरं." आईला ते उत्तर पसंत पडलं. सात-आठ महिने आमचं चाललं. मग बिल्डिंगला टँकर दुपारी यायला लागला, आईची ती वेळ कळश्या-बादल्यांत जाऊ लागली आणि वही मागे पडली. ती पुढे शिकली ते दुकानांच्या पाट्यांवरून आणि डब्यांवरच्या छपाईवरून.

माझं लग्न झालं, आणि पुढे दोन हजार पाच साली पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. कळा सुरू होऊन चौदा तास झाले तरी बाळ खाली सरकेना. सिझेरियन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी खाटेवर घामाने भिजले होते, बाळाचे ठोके कमी झालेत असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं होतं आणि ते शब्द मला सोडत नव्हते. सिस्टर संमतीचा कागद घेऊन आल्या. नवऱ्याने खिशातून पेन काढलं. आईने मधेच हात घालून कागद घेतला, चष्मा वर केला आणि वाचायला लागली. इंग्रजी, बारीक टायपात, पानभर.

"मावशी, घाई आहे," सिस्टर म्हणाल्या.

"एक मिनिट," आई म्हणाली. तिचे ओठ हलत होते. मधे थांबून तिने सिस्टरना एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" त्यांनी सांगितलं, भूल. आणखी एक शब्द विचारला. त्यांनी तोही सांगितला, जरा चिडून. आईने मान हलवली आणि कागद जावयाच्या हातात दिला.

"कर सही," ती म्हणाली. "ठीक आहे."

तिला त्या पानातलं किती कळलं होतं हे मी नंतरही तिला विचारलं नाही. मला आत नेलं तेव्हा ती ट्रॉलीबरोबर दारापर्यंत चालत आली.